बंद पडलेलं मशीन वाचताना

नगर जिल्ह्यात संगणक आला तो बहुतांशी हिशेबासाठी. प्रवरेकाठी १९५० साली सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला आणि त्यामागोमाग सोसायट्या, बँका, पतसंस्था, दूध संघ यांचं जाळं जिल्हाभर विणलं गेलं. सभासदाचं नाव, गट नंबर, उसाचं वजन, तोडणी-वाहतुकीची कपात, ठेव, कर्ज, व्याज अशा नोंदींचे डोंगर उभे राहिले. १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना राज्यात परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी या एका जिल्ह्यात, लोणीला आणि संगमनेरला, अशी महाविद्यालयं उभी राहिली. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राचं नवं संगणक धोरण आलं, सुट्या भागांच्या आयातीवरची बंधनं सैल झाली आणि पुढच्या काही वर्षांत ‘पीसी’ नावाची बेज रंगाची पेटी तालुक्याच्या गावापर्यंत पोचली.

त्या पेट्यांपैकी बऱ्याचशा भंगारात गेल्या, काही माळ्यावर पडून राहिल्या. माझ्याकडे आलेली पेटी अशीच एका पतसंस्थेच्या जुन्या सामानातून निघालेली. आत २८६ प्रोसेसर, वीस एमबीची हार्ड डिस्क, सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह आणि एका स्लॉटमध्ये मराठीसाठीचं जिस्ट कार्ड. बटण दाबलं की पंखा फिरायचा, पडद्यावर काहीच यायचं नाही. मेकॅनिक मंडळींच्या भाषेत ‘नो डिस्प्ले’.

ते मशीन दुरुस्त करताना शहरातल्या एका बुजुर्ग हार्डवेअर मेकॅनिककाकांचा हात मला लाभला. दुरुस्ती म्हणजे भाग बदलणं, हा माझा समज त्यांच्या टेबलाशी बसून मावळला. इतक्या जुन्या मशीनला बदलायला भाग मिळतच नाहीत. नगरमध्ये नाहीत, पुण्याच्या तपकीर गल्लीत क्वचित, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही नशीब असेल तर. तेव्हा दोष नेमका कुठं आहे हे शोधून तेवढाच दूर करायचा. हे शोधणं म्हणजे वाचन आहे आणि ते का शिकायला हवं, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी भिंतीतली वीज

काकांनी पेटी उघडण्याआधी भिंतीतला सॉकेट तपासला. जुन्या मशीनच्या निम्म्या तक्रारी मशीनबाहेरच्या असतात, असा त्यांचा अनुभव.

एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनच्या पॉवर सप्लायच्या, तोंडाशी वीज गाळण्यासाठी छोटे कॅपॅसिटर असतात. त्यातले दोन फेज आणि न्यूट्रल यांना पत्र्याच्या कॅबिनेटशी जोडतात. अर्थिंग ठीक असेल तर त्यातून झिरपणारा किंचित प्रवाह मुकाट जमिनीत जातो. अर्थिंग तुटलेलं असेल तर कॅबिनेट दोहोंच्या मध्ये लोंबकळतं आणि २३० व्होल्टच्या घरात मीटरवर त्याच्या अंगावर ११५ च्या आसपास व्होल्ट दिसतात. प्रवाह फार थोडा असतो. हात लावला तर मुंग्या आल्यासारखं होतं. पण चालू मशीनला प्रिंटरची केबल जोडली तर तेवढ्यानंही पोर्टची चिप जाऊ शकते.

आपल्या जिल्ह्यात याला मातीचीही साथ असते. पश्चिमेला अकोल्याच्या डोंगरात, कळसूबाई-भंडारदऱ्याकडे पाऊस कोसळतो आणि पूर्वेला पाथर्डी, जामखेड, कर्जतकडे पर्जन्यछाया. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात तो ओल धरून राहावी म्हणून. काळी माती चैत्र-वैशाखात भेगाळली की प्लेटभोवतीची ओल जाते, रोध वाढतो आणि पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरतं उरतं. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतण्याची जुन्या वायरमन लोकांची रीत शास्त्राला धरून होती.

दुसरा शत्रू म्हणजे ये-जा करणारी लाइट. भारनियमनाच्या काळात वीज जाण्यापेक्षा ती परत येणं अधिक घातक असे. पंप बंद असताना लाइनवर भार नसतो, व्होल्टेज चढलेलं असतं आणि तो पहिला झटका एसएमपीएसवर येतो. परदेशातून कुणी हौसेनं आणलेल्या मशीनची आणखी एक गोष्ट: मागे ११५/२३० असा छोटा लाल स्विच असतो. तो ११५ वर राहिला आणि आपली वीज दिली, तर आतले मोठे कॅपॅसिटर क्षणात फुटतात.

एसएमपीएस उघडायचा असेल तर आधी वायर काढून थांबायला हवं. २३० व्होल्ट एसीचे आत जवळपास ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि प्लग काढल्यावरही ते कॅपॅसिटरमध्ये काही काळ साठून असतात. जुन्या पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरला तर अनुभवी माणसानंच हात घालावा. तिथं व्होल्ट हजारांत असतात.

डोळे, नाक आणि मीटर

कॅबिनेट उघडलं. पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यातलं मशीन असल्यानं आत बारीक काळ्या धुळीचा थर होता. डोंगराकडच्या मशीनमध्ये धूळ कमी पण दमटपणा जास्त. तिथं पिनांवर गंज आणि फ्लॉपीवर बुरशी हे दुखणं. ब्लोअर मारला आणि काकांनी बराच वेळ बोर्डाकडे नुसतं पाहिलं. फुगलेला कॅपॅसिटर, काळवंडलेला रेझिस्टर, जळका वास हे सगळं मीटर लावण्याआधी कळतं. वास महत्त्वाचा. शाळांमध्ये संगणक साक्षरतेसाठी १९८४-८५ पासून केंद्राच्या ‘क्लास’ प्रकल्पात जे बीबीसी मायक्रो आले, त्यांच्या पॉवर सप्लायमधला कागदी फिल्टर कॅपॅसिटर वयपरत्वे तडकतो, ओल शोषतो आणि एके दिवशी खोलीभर उग्र धूर सोडतो. बघणाऱ्याला वाटतं मशीन जळालं. प्रत्यक्षात तो एक भाग बदलला की मशीन बहुधा पुन्हा चालतं.

मग मीटर. त्या काळच्या एटी पद्धतीच्या मदरबोर्डला वीज दोन कनेक्टरनी जाते. ते शेजारी-शेजारी बसतात आणि उलटे बसले तर बोर्ड जातो. खूण एकच: दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध एकमेकींना लागून यायला हव्यात. +५, +१२, −५ आणि −१२ असे चार दाब मोजायचे. पाचचा दाब ४.७५ ते ५.२५ यांच्या बाहेर गेला तर पुढे शोधण्यात अर्थ नाही. याखेरीज एका नारिंगी वायरवर ‘पॉवर गुड’ हा इशारा असतो. सगळे दाब स्थिरावले की एसएमपीएस या वायरवर पाच व्होल्ट देतो आणि तोवर प्रोसेसर हलतही नाही. पंखा फिरतो म्हणजे वीज ठीक, हा भ्रम इथंच मोडतो.

आमचे सगळे दाब ठीक होते, पॉवर गुडही होता. मग सगळी कार्डं काढली. कार्डांच्या सोनेरी कडांना शाळकरी खोडरबर घासून मळ काढला, फक्त मदरबोर्ड, रॅम आणि स्पीकर एवढंच ठेवलं. तरी शांतता. पण ही शांतता आता अर्थपूर्ण होती. डिस्क, फ्लॉपी, डिस्प्ले कार्ड आणि जिस्ट कार्ड यांच्यावरचा संशय तात्पुरता दूर झाला होता. दोष बोर्डावरच होता.

हिरवा थर

दोष कीबोर्डच्या कनेक्टरजवळ सापडला. घड्याळ आणि सेटिंग टिकवण्यासाठी त्या काळच्या बोर्डांवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियमची नळकांडीवजा बॅटरी सोल्डर केलेली असे. मशीन चालू असताना ती चार्ज होई. वर्षानुवर्षं पडून राहिली की ती झिरपते. आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड तीव्र अल्कली आहे. ते तांब्याच्या बारीक रेषांवर पसरतं, हिरव्या रंगाच्या लेपाखालून पुढे सरकतं आणि रेषा आतून खातं. वरून हिरवट-निळा भुगा दिसतो तेव्हा खाली बरंच नुकसान झालेलं असतं.

उपाय घरगुती आहे. अल्कलीला सौम्य आम्ल मारतं, म्हणून पांढरं व्हिनेगर ब्रशनं लावायचं. फसफस थांबली की पाण्यानं धुवायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शेवटी भरपूर वेळ सुकवणं. बॅटरी आधीच कापून काढायची आणि पुन्हा तशी लावायची नाही. बहुतेक बोर्डांवर बाहेरची बॅटरी जोडायला चार पिनांची जागा असते, तिथं तीन पेन्सिल सेलचा डबा लावता येतो. मात्र सेल बॅटरीच्या मूळ जागी जोडायचे असतील तर मध्ये डायोड हवाच, कारण ते सर्किट चार्जिंगसाठी असतं आणि साधे सेल चार्ज झाले तर तेही फुटतात.

धुतल्यावर पुन्हा चालू केलं. तरी शांतताच. आता काकांनी स्लॉटमध्ये ‘पोस्ट कार्ड’ बसवलं. चालू होताना मशीन स्वतःची पायरी-पायरीनं तपासणी करतं आणि प्रत्येक पायरीचा क्रमांक ८०-हेक्स या पोर्टवर पाठवतं. हे कार्ड तो आकडा दाखवतं. आमच्या कार्डावर आकडा आलाच नाही, पण रिसेटचा दिवा पेटलेलाच राहिला. म्हणजे प्रोसेसरला कुणीतरी सतत रोखून धरलं होतं. रिसेटची रेषा बॅटरीच्या जागेजवळून गेली होती. मीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक इथं, दुसरं तिथं करत गेलो. एका ठिकाणी बीप आला नाही. केसासारखी तार घेऊन ती तुटलेली जागा ओलांडली.

बीपची भाषा

मशीन बोललं. सहा बीप.

पडदा सुरू होण्याआधी दोष सांगायचा असेल तर बायॉसकडे, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या रॉममधल्या प्रोग्रॅमकडे, फक्त स्पीकर असतो. प्रत्येक कंपनीची बीपची भाषा वेगळी. एएमआय बायॉसच्या पद्धतीत एक बीप म्हणजे मेमरीचं रिफ्रेश बिघडलं, तीन म्हणजे पहिल्या ६४ केबीत दोष, पाच म्हणजे प्रोसेसर, आठ म्हणजे डिस्प्लेची मेमरी, नऊ म्हणजे रॉमची बेरीज जुळत नाही. सहा म्हणजे कीबोर्ड कंट्रोलर आणि त्याच्या ताब्यातलं मेमरीचं फाटक.

कीबोर्ड कंट्रोलरचा मेमरीशी काय संबंध, असा प्रश्न मला पडला. त्याचं उत्तर इतिहासात आहे. १९८१ च्या मूळ आयबीएम पीसीतला प्रोसेसर एक एमबीच्या पलीकडचा पत्ता ओळखत नसे. १९८४ च्या एटीमध्ये आलेल्या २८६ ला सोळा एमबीपर्यंतचे पत्ते कळत, पण जुने प्रोग्रॅम जुन्याच समजुतीवर लिहिलेले. दोघांचा मेळ घालण्यासाठी पत्त्याच्या २० क्रमांकाच्या रेषेवर एक फाटक बसवावं लागलं आणि ते उघडण्या-मिटण्याचं काम कीबोर्ड कंट्रोलरच्या एका मोकळ्या पिनेकडे सोपवलं गेलं. म्हणून कीबोर्डच्या चिपजवळची एक रेषा तुटली की मशीन मेमरीच्या नावानं अडतं. ही चिप बहुधा बॅटरीच्या शेजारीच असते. दुसरी तुटकी रेषा तिथंच सापडली.

यानंतर जिस्ट सोडून बाकीची कार्डं परत बसवली. पडदा उजळला आणि मेमरीचे आकडे मोजत असतानाच ‘पॅरिटी’चा दोष दाखवून थांबला. त्या बोर्डावर रॅम सुट्या चिपांची होती. ५१२ केबीसाठी अठरा चिपा: प्रत्येक आठ चिपांमागे नववी पडताळणीची. वर्षानुवर्षं तापून-निवून अशा चिपा सॉकेटमधून कणाकणानं वर सरकतात. अंगठ्यानं एकेक चिप दाबत गेलो. दोन-तीन चिपा बारीक आवाज करत खाली बसल्या. पुढच्या वेळी मोजणी पूर्ण झाली.

डिस्क फिरण्याआधी

आता मशीनला आपली हार्ड डिस्क आठवत नव्हती. बॅटरी गेली म्हणजे सेटिंग गेलं आणि त्या काळात डिस्क स्वतःची ओळख सांगत नसे. सिलिंडर, हेड आणि सेक्टर हे आकडे माणसानं सांगायचे, किंवा बायॉसमधल्या तक्त्यातला क्रमांक निवडायचा. वीस एमबीच्या प्रसिद्ध डिस्कांसाठी क्रमांक दोन: ६१५ सिलिंडर, ४ हेड, दर ट्रॅकला १७ सेक्टर. गुणाकार केला की ४१,८२० सेक्टर येतात आणि दर सेक्टरला ५१२ बाइट धरले की २ कोटी १४ लाखांवर बाइट. आज मोबाइलवरच्या दोन-चार फोटोंत ही जागा संपेल. एका संस्थेच्या कित्येक वर्षांच्या खातेवह्या त्यात मावत.

चुकीचा क्रमांक दिला तर डिस्क वाचताना गोंधळ होतो आणि त्यावर काही लिहिलं गेलं तर माहितीची वाट लागते. म्हणून काकांचा नियम कडक होता: आधी फक्त वाचायचं, लिहायचं काहीच नाही. जुनी डिस्क किती वेळा सुरू होईल याचा भरवसा नसतो. त्यातल्या बऱ्याच डिस्क वीज गेल्यावर हेड आपोआप बाजूला नेत नसत. त्यासाठी मशीन बंद करण्यापूर्वी ‘पार्क’ची आज्ञा द्यावी लागे. अचानक लाइट गेली की हेड माहितीच्या जागेवरच टेकायचं. वर्षानुवर्षं तसंच राहिलं की ते चकतीला चिकटतं आणि मोटर जोर लावूनही फिरत नाही. अशा वेळी डिस्क हातात धरून, चकतीच्या पातळीतच, मनगटाला हलका झटका देऊन सोडवतात. आपटायची नसते.

आमची डिस्क दुसऱ्या प्रयत्नात कण्हत फिरली. लगेच सिरियल पोर्टनं दुसऱ्या संगणकाला जोडून नक्कल सुरू केली. सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगानं पूर्ण डिस्क उतरायला सहा तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. वेग १,१५,२०० वर नेला तर अर्ध्या तासात काम होतं. केबल आणि पोर्ट तेवढा वेग झेपवतील याची खात्री करूनच तो वाढवायचा.

चौकटींमागचं मराठी

फायली उघडल्या आणि पडद्यावर उभ्या-आडव्या रेषा, कोपरे आणि भरीव चौकोन यांची रांगोळी दिसली. मला वाटलं डिस्क खराब आहे. काकांनी जिस्ट कार्डाकडे बोट दाखवलं. ते अजून बाहेरच ठेवलेलं होतं.

देवनागरीसाठीचं हे तंत्र आयआयटी कानपूरमध्ये जन्मलं आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर तिथं वाढलं. साध्या डॉसच्या मशीनमध्ये हे कार्ड बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्येही मराठी टाइप करता येई. यामागे ‘इस्की’ नावाची संकेतप्रणाली होती. १९९१ मध्ये ती आयएस १३१९४ या क्रमांकानं भारतीय मानक झाली. तिच्यात १२७ पर्यंतचे क्रमांक इंग्रजीला ठेवले आणि वरच्या रिकाम्या जागेत आपली वर्णमाला उच्चाराच्या क्रमानं बसवली. क म्हणजे १७९, ग म्हणजे १८१, न म्हणजे १९८, र म्हणजे २०७. देवनागरी, बंगाली, तेलुगू, कन्नड या सगळ्या लिप्यांना क्रमांक तेच. कोणती लिपी दाखवायची ते कार्ड ठरवणार.

पण साध्या पीसीच्या मूळ तक्त्यात याच क्रमांकांवर तक्ते आखायच्या रेषा आहेत. १७९ म्हणजे उभी रेघ, १९६ म्हणजे आडवी, २१९ म्हणजे भरीव चौकोन. त्यामुळे जिस्ट कार्डाशिवाय ‘क’ उभी रेघ होतो, ‘द’ आडवी आणि पहिली वेलांटी भरीव ठोकळा. ‘नगर’ लिहिलं तर एकापुढे एक तीन तुटक्या चौकटी दिसतात. माहिती शाबूत असते, दाखवणारं कार्ड नसतं. संस्थेचं मशीन विकताना कुणी पडदा चालू करून पाहतो, त्याला असं दिसतं आणि डिस्क ‘करप्ट’ ठरवून भंगारात जाते. कार्डाच्या कडा पुसून ते स्लॉटमध्ये बसवलं तेव्हा खात्यांवरची नावं मराठीत वाचता आली. ती माणसांची खाजगी माहिती होती. तेवढं पाहून मी फाइल बंद केली.

सुदैवानं इस्की वाया गेलेली नाही. युनिकोडमधल्या देवनागरीचा क्रम १९८८ च्या इस्कीवरूनच घेतला आहे, म्हणून अशा फायली आजच्या मराठीत आणणं जमण्यासारखं आहे. नंतरच्या काळात छपाईसाठी आलेल्या अनेक मराठी फाँटांनी अक्षरांच्या तुकड्यांना आपापले क्रमांक दिले. त्या फायलींसाठी प्रत्येक फाँटचा वेगळा तक्ता लागतो. तिथंही आधी मशीन किंवा फ्लॉपी चालू व्हावी लागते.

हे जपायचं कुणी

नगर शहरात १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. जुनी रोल्स-रॉइस चिलखती गाडीही तिथं नीट राखली आहे. शहरातल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात जुनी हस्तलिखितं आणि मोडी कागद आहेत. मोडी वाचणारे थोडे उरले, पण कागद समोर धरला की अक्षर दिसतं; जाणकार आज नसला तरी उद्या शिकता येतो. चुंबकीय चकतीचं तसं नाही. तिच्यावरचा मजकूर दिसण्यासाठी वीज, बोर्ड, कंट्रोलर, कार्ड आणि बायॉसमधला योग्य क्रमांक हे सगळं एकाच वेळी चालू असावं लागतं. रणगाडा उभा राहिला तरी इतिहास सांगतो. संगणक चालला तरच सांगतो.

आपल्या जिल्ह्याच्या सहकाराचा, ठेवींचा, ऊसबिलांचा, गावोगावच्या नावांचा मराठी संगणकातला पहिला ठसा या मशीनांत आहे. तो पुसला जाईल तो आगीनं वा पुरानं नव्हे, झिरपलेल्या बॅटरीनं आणि ‘डेड’ या एका शब्दानं.

करायच्या गोष्टी महाग नाहीत. ज्या संस्थेच्या माळ्यावर असं मशीन असेल, तिनं आजच त्याची बॅटरी काढून घ्यावी. स्क्रू-ड्रायव्हर आणि कटर एवढ्यात ते होतं. ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून अमलात आहेत आणि जुनं सामान नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्यायचं असतं. पण देण्यापूर्वी डिस्कची नक्कल घ्यावी आणि त्यातली कोणती माहिती जपायची, कोणती कायमची पुसायची हे संचालक मंडळानं ठरवावं. जिल्ह्यातली अभियांत्रिकी महाविद्यालयं, तंत्रनिकेतनं आणि आयटीआय यांनी एकेक टेबल या कामाला द्यावं: मीटर, पोस्ट कार्ड, सोल्डरिंग आयर्न, चालू अवस्थेतली एक सव्वापाच इंची ड्राइव्ह आणि एक जिस्ट कार्ड. शिकणाऱ्या मुलामुलींसाठी याहून चांगला धडा नाही. आजच्या मोबाइलमध्ये सगळं एका चिपेत बंद असतं. २८६ च्या बोर्डावर घड्याळ, रिसेट, मेमरी, पत्ता यांची प्रत्येक रेषा डोळ्यांनी दिसते आणि मीटरनं गाठता येते.

आणि सर्वांत निकडीचं म्हणजे काकांसारख्या माणसांचं ज्ञान. बीपचे अर्थ छापील सापडतात, पण कोणत्या बोर्डावर बॅटरी कोणती रेषा आधी खाते, कोणती डिस्क किती हलवावी, उन्हाळ्यात कोणत्या तालुक्यातल्या मशीनला काय होतं, हे त्यांच्या हातात आहे. ते मराठीत, त्यांच्याच शब्दांत, चित्रांसह लिहून घ्यायला हवं. आमच्या मशीनच्या दुरुस्तीची पायरी-पायरीची नोंद मी लिहून काढली आहे: दोष, लक्षण, मोजलेला आकडा, केलेला उपाय. अशी नोंद ठेवायला एक वही पुरते. जिल्ह्यातल्या प्रत्येक जुन्या मेकॅनिकशेजारी अशी वही घेऊन एक विद्यार्थी बसला, तर आपलं पहिलं संगणकीय मराठी पुढच्या पिढीला वाचता येईल.